मी पास केलेली गाडी

अकरा गाड्या मी नापास केल्या. बारावी पास केली, आणि तिथंच घात झाला.

पत्रा ठोकणं हा माझा धंदा. चेपलेल्या, मुरडलेल्या गाड्या सरळ करण्यात चाळीस वर्षं गेली. सगळे मला डेंटरकाका म्हणतात. हातोडी खाली ठेवून नऊ वर्षं झाली. डोळे अधू झाले म्हणून सोडलं, असं मी सगळ्यांना सांगत आलो. माझे डोळे चांगले ठणठणीत आहेत. खरं कारण घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

काम सोडलं तरी माझी किंमत गेली नव्हती. गल्लीत कुणी जुनी गाडी घ्यायला निघालं की आधी माझ्या दारात येणार. "काका, तेवढी बघून द्या." मी चहासुद्धा न घेता जायचो. रुमालात गुंडाळलेला चुंबक खिशात टाकला की माझी तयारी झाली. पत्रा तपासायच्या माझ्या तीन परीक्षा. चुंबक गाडीच्या अंगावरून फिरवायचा. जिथं तो धरत नाही, तिथं पत्र्यावर पुट्टी थापलेली. मग बोटाच्या सांध्यानं टकटक करायची. आवाज बद्द आला की समजायचं, आत काहीतरी दडवलंय. शेवटी डोळे मिटून तळहात फिरवायचा, कारण डोळ्याला रंग फसवतो, तळहाताला फसवत नाही.

बाकीच्या लबाड्या पोरकट असतात. मीटरवर चाळीस हजार किलोमीटर आणि ब्रेकच्या पायपट्टीचं रबर झिजून गुळगुळीत. आत पाणी शिरलेलं असलं की इतका सुगंध मारून ठेवतात की डोकं उठतं. आणि विकणाऱ्यांचं ऐकाल तर जगातल्या सगळ्या जुन्या गाड्या डॉक्टरांनीच वापरलेल्या असतात, तेही फक्त रविवारी. अशा थापा ऐकल्या की मला हसू येतं आणि मग राग येतो. गेल्या नऊ वर्षांत मी कितीजणांना वाचवलं, हे मी ऐकायला माणूस मिळाला की सांगायचोच. मागच्या गल्लीतल्या शाळेच्या बाईंना दोन वर्षांपूर्वी मी निळी गाडी पास करून दिली. तेव्हा विकणाऱ्याच्या भर आवारात मी म्हणालो होतो, "बाई, डोळे झाकून घ्या. असा पत्रा हल्ली बघायला मिळत नाही."

आता माझ्या लेकीबद्दल. ती नर्स आहे, दवाखान्यातली नव्हे, घरोघर जाणारी. अंथरुणाला खिळलेल्या माणसांच्या जखमा धुवायच्या, नळ्या बदलायच्या, दिवसाला सहा-सात घरं. जावई जहाजावर. वर्षातले आठ महिने तो फोनमध्येच दिसतो. लेक स्कूटरवरून हिंडायची आणि शाळा सुटली की नातीला मागे बसवायची. नात सात वर्षांची, एका जागी ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. दोन महिन्यांत स्कूटर दोनदा घसरली. दुसऱ्या वेळी भिंगरीची हनुवटी फुटली, आणि लेकीनं तिला स्वतःच्या हातानं टाके घातले. त्या संध्याकाळी ती म्हणाली, "बाबा, आता गाडी. जुनी का असेना, चार चाकांची."

म्हणून आम्ही हिंडायला लागलो. एकीचा चेसिस नंबर खोडून पुन्हा ठोकलेला, एक पुरातून निघालेली, एकीचा अर्धा दरवाजा निव्वळ पुट्टीचा. अकरावी नापास केली तेव्हा लेकीचा धीर सुटला.

"बाबा, तुम्हाला नवऱ्या मुलीतसुद्धा एवढ्या खोडी दिसल्या नसत्या. आता जी मिळेल ती घेऊ."

"जी मिळेल ती घ्यायला ती काय भाजी आहे?" मी म्हणालो. "त्यात तू बसणार, भिंगरी बसणार."

बारावी गाडी शहराबाहेरच्या रस्त्यावर, तारेचं कुंपण घातलेल्या एका आवारात होती. पांढरी, बारा वर्षांची. विकणारा तिशीपस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा. मी मनातल्या मनात त्याचं नाव गोडबोल्या ठेवलं. त्यानं माझ्यासाठी खुर्ची आणली, सावलीत ठेवली.

"काका, तुम्हीच बघा. तुम्ही बघितल्यावर दुसऱ्या कुणी बघायची गरजच नाही."

मी कोण हे त्याला कसं ठाऊक, असं मला वाटायला हवं होतं. पण कौतुक कानाला गोड लागतं. चुंबक फिरवला, सगळीकडे घट्ट बसला. टकटक केली, खणखणीत आवाज. डोळे मिटून हात फिरवला, कुठं लाट नाही, कुठं खळगा नाही. मागच्या काचेच्या कोपऱ्यावरचं साल पुढच्या काचेपेक्षा एक वर्षानं वेगळं होतं. काच फुटते, लोक बदलतात, असं म्हणून मी ते सोडून दिलं. दाराचं रबर ओढून आतल्या कडा बघायच्या राहिल्या. पत्रा तिन्ही परीक्षांत पास झाला की रबर मी ओढत नाही. विनाकारण रबर उचकटलं की मालक चिडतो.

"गाडी अस्सल आहे," मी म्हणालो.

लेकीनं माझा हात दाबला. मी भाव पाडायला अर्धा तास भांडायचं ठरवून आलो होतो. गोडबोल्या दुसऱ्याच वाक्याला कबूल झाला. म्हणाला, "तुमच्या शब्दाबाहेर नाही, काका." एवढ्या सहज भाव उतरला की माझ्या मनात पाल चुकचुकायला हवी होती. ती चुकचुकली नाही. उलट मीच मिशीवरून हात फिरवला.

पहिले आठ दिवस घरात कौतुकच कौतुक होतं. लेक शाळेच्या फाटकापाशी मुद्दाम हॉर्न वाजवायची. भिंगरीनं मागच्या सीटवर आपलं बिऱ्हाड थाटलं, तिथं बाहुली, खडूंचा डबा, चपला, सगळं. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आजोबा, पुढे वेगळा वास येतो आणि मागे वेगळा." आम्ही हसलो. मग लेक म्हणाली, "बाबा, गतिरोधकावरून गेलं की कुठंतरी बारीक कुईं होतं. एरवी नाही." मी म्हणालो, "खुर्चीची स्प्रिंग असेल, तेल घालतो." त्या रात्री मात्र मला झोप लागली नाही, आणि का लागली नाही हे मी स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी दुपारी लेक चालत जवळच्याच एका पेशंटकडे गेली होती. दुसऱ्या दिवशी तिला डोंगरापलीकडे एक नवीन पेशंट बघायला जायचं होतं आणि शनिवारची सुट्टी म्हणून भिंगरीही बरोबर जाणार होती. मी तेलाची बुधली घेऊन गाडीपाशी गेलो. भिंगरीचा जांभळा खडू मागच्या दाराच्या उंबऱ्यात, रबराखाली घुसला होता. ती रडवेली झाली होती. मी बोटानं रबर उचललं.

खडू निघाला. त्याच्याशेजारी पत्र्यावर एक टिंब होतं. टोकदार पंचानं ठोकलेलं, मोहरीएवढं. त्याच्यापुढे केसाएवढी रेघ, आणि रेघेपलीकडे दोन टिंबं.

मी खालीच बसलो. भिंगरी म्हणाली, "आजोबा, तुम्हाला चक्कर आली?" मी तिला पाणी आणायला आत पाठवलं, म्हणजे ती माझा चेहरा बघणार नाही.

एक टिंब पुढच्या तुकड्यावर, दोन टिंबं मागच्या तुकड्यावर. ही खूण जगात एकच माणूस करायचा. अपघातात एका गाडीचं तोंड चिरडतं, दुसरीची मागची बाजू. दोन्ही मधोमध कापायच्या, एकीचा चांगला पुढचा भाग आणि दुसरीचा चांगला मागचा भाग घ्यायचा आणि जोडायचा. कागद एकीचे वापरायचे. रांगेत नीट बसावं म्हणून मी आधी टिंबं मारायचो. मग वेल्डिंग, आणि मग तासन् तास बारीक हातोडी. पुट्टीचा कणही नाही. पत्रा ठोकून ठोकून असा सपाट करायचो की चुंबक फसला पाहिजे, टकटक फसली पाहिजे, तळहात फसला पाहिजे. ज्या तीन परीक्षा मी आता लोकांसाठी घेत होतो, त्याच तीन परीक्षांत पास व्हावं म्हणून मी ते काम शिकलो होतो. जगात मला फसवू शकेल असा एकच कारागीर होता, आणि तो मीच होतो.

पोटासाठी केलं, असं सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं नव्हतं. पोटापुरतं मला मिळत होतं. माझी हौस होती. तेव्हाचे गॅरेजचे मालक येऊन सांधा शोधायचे आणि त्यांना सापडायचा नाही. ते म्हणायचे, "डेंटर, तू माणूस नाहीस, जादूगार आहेस." तेवढ्या एका वाक्यासाठी मी सात गाड्या जोडल्या.

अशी जोडलेली गाडी रोज चालते, वळते, ब्रेक लावते. तिला काही होत नाही. जोराचा धक्का बसेपर्यंत काही होत नाही. नऊ वर्षांपूर्वी एका दुपारी क्रेननं गॅरेजात गाडीचा पुढचा अर्धा भाग आणून टाकला. मागचा अर्धा भाग दुसऱ्या फेरीत आला. सांधा सरळ रेषेत सुटला होता, सुरीनं कापल्यासारखा. मागच्या सीटवर घडी घातलेली छत्री होती, तिला ओरखडासुद्धा नव्हता. गाडीत कोण होतं, हे मी विचारलं नाही. आजतागायत विचारलेलं नाही. मी हात धुतले, घरी आलो. बायको तेव्हा होती, तिला म्हणालो, मला हल्ली नीट दिसत नाही.

पाणी पिऊन मी भिंगरीला शेजारणीकडे ठेवलं आणि रिक्षा करून तडक त्या आवारात गेलो. वाटेत मी मनाशी सगळं रचलं. गाडी परत करायची, लेकीला सांगायचं की इंजिनात खोट निघाली. बस्स.

गोडबोल्यानं पुन्हा खुर्ची मांडली. मी उभाच राहिलो.

"ती गाडी जोडलेली आहे," मी म्हणालो.

त्याचं हसू तसूभरही हललं नाही. "हो, काका. तुमच्याच हातची आहे. सासरे तुमचं फार कौतुक करायचे. माझी बायको म्हणजे तुमच्या जुन्या मालकांची मुलगी. ते म्हणायचे, डेंटरनं जोडलेली गाडी खुद्द डेंटरलाही सापडणार नाही. मला खोटं वाटायचं. त्या दिवशी तुम्ही डोळे मिटून हात फिरवत होतात ना, तेव्हा मला सासऱ्यांची आठवण आली."

मी पोलिसांचं नाव काढलं.

"जाऊ की," तो म्हणाला. "मी बरोबर येतो. पहिलं नाव कुणाचं लिहायचं, ते तुम्हीच सांगा." मग तो जरा जवळ आला, आवाज खाली आणला. "काका, मी काही राक्षस नाही. तुमची लेक, तुमची नात. मला कळतं. उद्या सकाळी गाडी आणा, पैसे जसेच्या तसे घेऊन जा. तुम्ही सुटलात, लेक सुटली. कुणाला काही सांगायची गरज नाही."

"आणि गाडी?"

"गाडी काय, उभी राहील. गिऱ्हाईक येतंच."

आवाराच्या दुसऱ्या टोकाला एक जोडपं गाड्या बघत होतं. नवरा बोटानं बॉनेटवर टकटक करत होता, कुणीतरी शिकवलं असावं तसा. बायकोनं हातातली पिशवी खाली ठेवून पोटावर हात ठेवला होता. सातवा महिना असेल, आठवा असेल. तिनं माझ्याकडे बघून ओळख नसताना मान हलवली, म्हाताऱ्या माणसाकडे बघून हलवतात तशी.

मी परत निघालो. खोटं कशाला सांगू, रिक्षात बसताना मला हलकं वाटत होतं. पैसे मिळणार, लेकीला काही कळणार नाही, तिच्या डोळ्यांत मी आहे तसाच राहीन. अर्ध्या वाटेपर्यंत तसंच वाटत होतं. मग गतिरोधक आला, रिक्षा उडाली आणि माझ्या कानात ते बारीक कुईं वाजलं. रिक्षात तसा आवाज यायचं काही कारण नव्हतं.

घरी आलो तर अंगणात गाडी नाही. भिंगरीही नाही. शेजारीण म्हणाली, "लेक तुमची लवकर आली. भिंगरीला घेऊन पेट्रोल भरायला गेली, उद्याची तयारी." पंप हमरस्त्यावर होता, मालाचे ट्रक जिथं पिसाळल्यासारखे धावतात तिथं. फोन लावला. तो आमच्याच ओट्यावर वाजला, चार्जिंगला लावलेला. फाटकाला धरून मी वीस मिनिटं उभा होतो. ती वीस मिनिटं मी शत्रूलाही देणार नाही. येणारी प्रत्येक पांढरी गाडी मला दोन तुकड्यांत दिसत होती.

त्या आल्या. लेक उतरली, माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, काय झालं? तोंड का असं?"

मी भिंगरीला आत पाठवलं. मग मागचं दार उघडलं, रबर ओढलं आणि लेकीला टिंबं दाखवली. ती वाकून बघत होती आणि मी तिच्या पाठीशी बोलत होतो, कारण तोंडावर बोलायची माझी हिंमत नव्हती. सगळं सांगितलं. मालक, हौस, टिंबं, क्रेन, छत्री. गोडबोल्या उद्या पैसे परत देणार आहे, हेही सांगितलं.

बराच वेळ ती वाकलेलीच राहिली. जखम बघताना ती अशी वाकते.

"परत दिली तर तो काय करेल?"

"विकेल," मी म्हणालो. "एक जोडपं बघत होतं. बाई पोटुशी आहे."

लेक सरळ झाली. ती रडेल असं मला वाटलं होतं, ओरडेल असंही वाटलं होतं. ती घरात गेली आणि माझी जुनी पेटी ओढत आणली. पत्रा कापायचं मशीन त्यात होतं. मग पुन्हा आत गेली आणि वायरचा लांब बोर्ड घेऊन आली. तिची दोन वर्षांची मेहनत त्या गाडीत होती, जावयानं पाठवलेलं होतं ते वेगळं. त्याबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

"कुठून कापायची?" तिनं विचारलं.

"माझ्याच सांध्यावरून. दोन्हीकडचा वीतभर पत्रा कापून टाकायचा, म्हणजे पुन्हा कुणाला जोडता येणार नाही."

मी मशीन हातात घेतलं. ती प्लग हातात धरून उभी राहिली, पण भिंतीत खोचेना.

"बाबा, अशा किती केल्यात?"

"सात."

"ही एक. ती छत्रीवाली एक. उरलेल्या पाच कुठं आहेत?"

मी मशीन खाली ठेवलं. या प्रश्नापासून मी नऊ वर्षं पळत होतो.

ती आतून कागद आणि भिंगरीचा जांभळा खडू घेऊन आली. "लिहा. रंग, साल, आठवेल ते सगळं. आधी लिहा, मग कापू."

मी ओट्यावर बसलो. मला सगळ्या आठवत होत्या. अगदी कुठल्या गाडीला किती दिवस लागले, तेसुद्धा. राखाडी, मागचा भाग लाल गाडीचा होता, आतून अजून लाल असेल. चंदेरी. आणखी एक चंदेरी, तिचं छप्पर मला जड गेलं होतं. काळी. भिंगरी बाहेर आली होती आणि माझ्या खांद्यावरून डोकावून एकेक अक्षर लावून वाचत होती. शेवटची लिहिताना माझा हात थांबला. ती सगळ्यांत सुबक झाली होती. तिचा सांधा मालकांनी भिंग लावून शोधला होता.

"नि, ळी," भिंगरीनं वाचलं. "आमच्या बाईंची गाडीपण निळी आहे, आजोबा. त्या कधीकधी आम्हा मुलांना घरी सोडतात."

असा पत्रा हल्ली बघायला मिळत नाही. मीच म्हणालो होतो, भर आवारात, चारचौघांत.

खडू टाकून मी उठलो. साडेपाच वाजत आले होते. बाई रोज शाळेनंतरचा जादा तास संपवून याच सुमाराला आमच्या गल्लीतून घरी जातात. मी फाटक उघडून अनवाणी रस्त्यावर गेलो. लेक मागून हाका मारत होती. वळणावर निळी गाडी दिसली, मागच्या सीटवर दप्तरं आणि दोन डोकी. मी रस्त्याच्या मधोमध उभा राहिलो आणि दोन्ही हात वर केले.

बाईंनी गाडी थांबवली, काच खाली केली. त्या हसत होत्या.

"काय काका, पुन्हा तपासायची का गाडी?"

"बाई, खाली उतरा," मी म्हणालो. "आधी मुलांना उतरवा."